पगार थांबला तेव्हा

१. पगार एका दिवसात थांबतो, घरखर्चाला ते जमत नाही. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार बंद झाला. आमच्या लालबागच्या चाळीत पहिले काही महिने जेवणखाण पूर्वीसारखंच होतं. वाण्याच्या वहीत उधारी तेवढी वाढत होती. संप मिटेल, पगार येईल, या भरवशावर घर चाललं होतं. पुढे कॉलेजात मिल्टन फ्रीडमन यांचा १९५७चा सिद्धांत वाचला : माणूस पुढच्या उत्पन्नाच्या अंदाजाने खर्च करतो. मला ती वही आठवली.

२. काटकसर घरात सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. आमच्याकडे आधी आईचं दूध बंद झालं, मग तिचा चष्मा राहिला, दुखरी दाढ तशीच राहिली. मुलांची फी आणि गणपतीची वर्गणी मात्र शेवटपर्यंत दिली गेली. गावी जाणारी मनीऑर्डर थांबली आणि गावाहून आमच्यासाठी तांदूळ येऊ लागला. ‘कुटुंबाचा खर्च’ असा एकच आकडा छापलेला पाहिला की मी आजही अस्वस्थ होतो. कुणाच्या ताटातलं कमी झालं, हे त्यात कुठेच नसतं.

३. बोनसचा पैसा किराण्यात जात नाही. गिरणी चालू होती तेव्हा दिवाळीच्या बोनसमधून पितळी भांडी यायची, एखादं सोन्याचं मणी-डोरलं व्हायचं. संपात तेच गहाण पडलं.

४. भावाला नोकरी लागली, पण तांदूळ काही जास्त लागला नाही. उत्पन्न वाढतं तसा अन्नाचा वाटा घटतो, हे जर्मनीच्या अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७मध्ये दाखवलं (मार्क्सचे मित्र एंगेल्स ते वेगळे). आपल्या ग्रामीण भागात १९९९-२०००मध्ये घरखर्चातला सुमारे ५९ टक्के भाग अन्नावर जाई; २०२२-२३मध्ये तो ४६ टक्क्यांवर आला. धान्याचा वाटा तर २२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या आसपास उतरला.

५. उत्पन्न परत आलं तरी धास्ती जात नाही. उधारी फिटली, चष्मा झाला, पण आईने स्वतःसाठी दूध पुन्हा घेतलंच नाही. तुमच्याही घरी कधी पगार थांबला असेल, तर तेव्हा बंद झालेलं काय अजून सुरू झालं नाही, हे आईला एकदा विचारा.