मासिकांतील लेख आणि भागमतीची कथा

निबंध लिहावयास घेतला की आपले विद्यार्थी प्रथम मासिके व दिवाळी अंक चाळतात. यात गैर काही नाही. ग्रंथ जाडजूड असतात, पुष्कळदा परभाषेत असतात; मासिकातील लेख चार पानांत विषय उलगडून दाखवितो. परंतु लेख छापला गेला एवढ्यावरून तो आधारास योग्य ठरत नाही. तो पारखावा कसा, हे आपल्याच हैदराबादच्या एका उदाहरणावरून पाहू.

महंमद कुली कुतुबशाहाने 1591 मध्ये हे शहर वसविले. पण शहराच्या नावासंबंधी कोणताही विशेषांक उघडा, भागमतीची कथा भेटावयाचीच. राजपुत्र असताना महंमद कुली मुशीपलीकडे राहणाऱ्या भागमती नर्तकीस भेटावयास भर पुरात घोडा घालीत असे, म्हणून पित्याने नदीवर पूल बांधविला. पुढे तिच्या नावाने भागनगर वसले, आणि तिला हैदरमहाल हा किताब मिळताच त्याचे हैदराबाद झाले. कथा मोठी गोड आहे! एक लेखक ती लिहितो, दुसरा त्यावरून उतरवितो, तिसरा त्यात संवादही घालतो. अशा दहा लेखांची साक्ष दहा जणांची होत नाही. मूळ एकच असेल तर ती एकाचीच.

म्हणून पहिला प्रश्न असा की, लेखकास हे कळले कोठून? या कथेचा माग काढीत गेल्यास आपण फेरिश्ता या फारसी इतिहासकारापाशी येतो. तो महंमद कुलीचा समकालीन खरा, पण राहणारा विजापूरच्या आदिलशाही दरबारातला. अकबराचा वकील फैजी यानेही दक्षिणेतून धाडलेल्या वृत्तांतात भागमतीचा उल्लेख केला आहे. उलट, गोवळकोंड्याच्या दरबारी तवारिखेत ती आढळत नाही. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये शहरास बागनगर म्हणतो, आणि राणीचे नाव ‘नगर’ होते असे सांगतो! मूळ साधनांतच एवढी तफावत असता, जो लेख ‘सर्वश्रुतच आहे’ म्हणून पुढे सरकतो, त्याच्या समासात खुशाल प्रश्नचिन्ह करावे.

प्रा. हारूनखान शेरवानी यांनी कुतुबशाहीवरील 1974 च्या ग्रंथात ही कथा नाकारली. भागमतीचे ना नाणे, ना शिलालेख, ना कबर. नरेंद्र लूथर यांनी समकालीनांच्या साक्षी पुढे करून ती उचलून धरली. दोघेही व्यासंगी. एकाचेच मत देऊन दुसऱ्याचे नावही न घेणारा लेख अपुरा समजावा. अर्थात 1960 सालच्या लेखात 1974 च्या ग्रंथाची चर्चा कोठून असणार? तेव्हा अंकाचे साल पाहूनच दोष द्यावा.

कधी कधी साधे अंकगणितही उपयोगी पडते. पुराना पूल 1578 चा. महंमद कुली 1580 मध्ये तख्तावर आला, तेव्हा तो जेमतेम पंधरा वर्षांचा होता. म्हणजे पूल पुरा झाला तेव्हा हा प्रेमवीर तेरा वर्षांचा! पुलाची गोष्ट येथे डळमळते. मात्र तेवढ्यावरून भागमती नव्हतीच, असे सिद्ध होत नाही. उत्साही विद्यार्थी नेमका येथेच घसरतो.

लेख कोणत्या नियतकालिकात आला, हेही पाहावे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना 1910 ची. तेथील त्रैमासिकात मूळ कागद व टीपा यांना मान असतो. वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीचा हेतू निराळा, ती रंजनासाठी. पण लोक काय मानतात हे दाखवावयाचे असेल, तर तीच पुरवणी उत्तम पुरावा ठरते. शहराच्या नावावरून आजही राजकारण होते. तेव्हा लेखकास काय सिद्ध करावयाचे आहे, याचाही अंदाज घ्यावा. फारसी जाणणारे सेतुमाधवराव पगडी यांच्यासारखे लेखक मराठीस लाभले, हे आपले भाग्य. फारसी न येणाऱ्याला मुळाच्या जवळ जाण्यास त्यांचे लेखन मोठा आधार आहे.

अफजलगंजचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, म्हणजे 1891 मध्ये स्थापन झालेले जुने आसफिया, आपल्या गावातच आहे. तेथे जाताना वही न्यावी आणि उतारा घेण्यापूर्वी लेखक, मासिक, महिना, साल व पृष्ठ एवढे टिपून घ्यावे. उतारा घेतल्यावर ते राहूनच जाते.