चेरी म्हणजे कैरी नव्हे

चि. निनाद यास,


तू ट्रॅव्हर्स सिटीहून बादलीभर आंबट चेरी घेऊन आलास, हे ऐकून बरं वाटलं. आजीच्या वहीतलं साखरांब्याचं माप मागवून त्यावर जॅम रचायला बसला आहेस, हे ऐकून मात्र फोन ठेवल्याबरोबर लिहायला बसले. ते माप कैरीचं आहे. चेरीला ते लागू पडत नाही.

कैरी हे फार उपकारी फळ आहे. तिच्यात आंबटपणाही भरपूर आणि पेक्टिनही भरपूर. शिवाय साखरांब्याला गोठावं लागतच नाही. कीस पाकात मुरला की झालं. जरा पातळ राहिला तरी पोळीशी कुणी कुरकुर करत नाही. जॅम पातळ राहिला तर मात्र त्याचं सरबत होतं. चेरीला रंग आहे, वास आहे, पण पेक्टिन बेताचंच. तुझ्याकडची माँटमोरेन्सी निदान आंबट तरी आहे. दुकानातली काळपट गोड चेरी असती, तर आंबटपणाही बाहेरूनच आणावा लागला असता.

तू रसायनशास्त्राचा विद्यार्थी, म्हणून कारण सांगते. पेक्टिनच्या साखळ्यांवर ऋणभार असतो, त्यामुळे त्या एकमेकींपासून लांब राहतात. आंबटपणा तो भार कमी करतो, साखर त्यांच्याभोवतीचं पाणी ओढून घेते, आणि मग त्या एकमेकींत अडकून रसाला धरून ठेवणारी जाळी होते. तिघांपैकी एक कमी पडलं तर जाळी होत नाही, मग तू किती का ढवळेनास. म्हणून एक किलो बिया काढलेल्या चेरीला एक मध्यम हिरवं आंबट सफरचंद सालासकट किसून घाल आणि एका मोठ्या लिंबाचा रस पीळ. साल फेकू नकोस, पेक्टिन तिथेच जास्त असतं. पाकिटातलं पेक्टिन वापरायला माझी हरकत नाही. त्याने शिजवणं कमी लागतं, रंगही उजळ राहतो. पण मग पाकिटावरचं प्रमाण अक्षरशः पाळ. अर्धं त्यांचं आणि अर्धं माझं असं करू नकोस.

साखर ७५० ग्रॅम. ‘निम्मी करतो’ म्हणालास, ते आरोग्याच्या दृष्टीने ठीक, पण मग तो फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार आठवड्यांत संपवायचा पदार्थ झाला, आणि तो नीट गोठेल याचा भरवसा नाही. जॅममध्ये साखर आणि इतर विरघळलेले घटक मिळून साधारण ६५ टक्के लागतात. याच आकड्यावरून एक सोपा हिशेब निघतो, तो पुस्तकांत क्वचितच दिसतो. आंबट चेरीत पाणी सोडून साधारण १४ टक्के ऐवज असतो, म्हणजे किलोला १४० ग्रॅम. सफरचंदाचे वीसेक धर. साखर मिळवली की झाले ९१०. त्याला ०.६५ ने भाग, १४०० ग्रॅम येतात. रिकामं पातेलं आधी वजन करून ठेव. आतलं मिश्रण १४०० ग्रॅमवर आलं की काम जवळजवळ झालं. तुमच्या प्रयोगशाळेत चालतं ते स्वयंपाकघरात का चालू नये?

तापमापक असेल तर १०४ ते १०५ अंश सेल्सिअसवर गॅस कमी कर. खरी परीक्षा थंड बशीवर होते. दोन बशा फ्रीझरमध्ये ठेव, एका बशीवर थेंब टाक, मिनिटभर परत आत ठेव आणि बोटाने सरकव. सुरकुती पडली तर झाला. परीक्षा चालू असेपर्यंत गॅस बंद, नाहीतर बशी बघता बघता गॅसवरचा जॅम आटून जातो. दोन बोटांत तार धरून बघायची आपली सवय इथे फसवते, कारण गरम जॅम पातळच दिसतो. पुढे तासभर ‘अजून थोडं, अजून थोडं’ करत बसलास तर आहे तेही पेक्टिन मोडतं आणि रंग तपकिरी होतो. म्हणूनच पसरट पातेलं, मोठी आच, आणि एका वेळी किलोच. चार किलो एकदम लावलेस तर पाणी आटायला इतका वेळ लागेल की चेरीची चव उरणार नाही. पातेलं स्टीलचं घे; साध्या अॅल्युमिनियमला आंबट चालत नाही.

बिया काढायला केसांची पिन पुरते. देठाच्या जागी घालून उचकटायची. जुना शर्ट घाल. काढलेल्या चेरी हाताने पुन्हा एकदा चाचप, कुणाचा दात पडायला नको. बियांना बदामासारखा वास येतो म्हणून त्या कुटून घालाव्याशा वाटतील, घालू नकोस. फोडलेल्या बीतून सायनाइड तयार होतं. साखर लावून फळं रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलीस तर रस सुटतो आणि शिजवणं लवकर उरकतं.

भरण्याआधी दहा मिनिटं थांब, म्हणजे फळं बरणीत वर तरंगत नाहीत. गरम स्वच्छ बरण्यांत काठाखाली पाव इंच जागा सोडून भर, झाकणं लाव आणि बरण्या पूर्ण बुडतील इतक्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेव. बरणी उलटी करून ठेवण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. मला ती पटत नाही, आणि तुझ्याच विद्यापीठाचा एक्स्टेन्शन विभागही उकळत्या पाण्याचीच शिफारस करतो. तिथली साठवणीची माहिती वाच, फुकट आहे आणि फार नीट लिहिलेली आहे.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर: होय, लहानपणी आइस्क्रीमवर तू बोटाने उचलून खायचास ती लाल ‘चेरी’ बहुतेकदा रंगवलेलं करवंद असतं. खरी चेरी तू आता पाहतो आहेस. ट्रॅव्हर्स सिटीजवळच्याच ओल्ड मिशन द्वीपकल्पावर पीटर डॉगर्टी या मिशनऱ्याने १८५२ साली चेरीची झाडं लावली. मिशिगन सरोवराचं गार पाणी वसंतात फुलोरा लांबवतं, म्हणून सहसा तो उशिराच्या दहिवरातून वाचतो. सहसाच. २०१२ साली मार्चमध्येच उन्हाळा पडला, कळ्या फुगल्या, आणि एप्रिलच्या गोठवणाऱ्या थंडीने मिशिगन राज्यातलं बहुतेक आंबट चेरीचं पीक नेलं. बादलीचा भाव सांगताना तू नाक मुरडलंस म्हणून हे लिहिलं.

घरी नेणार असशील तर बरण्या मोठ्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. हातातल्या बॅगेत सुरक्षा तपासणीत जॅम द्रवातच मोजतात, बरणी काढून घेतील.

सगळ्या बादलीचा जॅम करू नकोस. आंबट चेरी झाडावरून उतरल्यावर एक-दोन दिवसांत मऊ पडते. आज रात्रीच बसून सगळ्या बिया काढ, दोन किलो जॅमला ठेव, बाकी पिशव्यांत भरून, वजन लिहून फ्रीझरमध्ये टाक. गोठवलेल्या चेरीचा जॅमही तितकाच चांगला होतो. डिसेंबरमध्ये मी येईन तेव्हा करू.

तुझी आत्या