संशोधन कोणी करावे ? शासनाने की कंपन्यांनी ?
(धार–देवास भागातील दोन पिकांचा अभ्यास)

माळव्यातील धार आणि देवास ही पवार घराण्याची जुनी मराठी संस्थाने होत. 1948 साली ती मध्यभारत संघात विलीन झाली व 1956 पासून हा मुलूख मध्यप्रदेशात आहे. शास्त्रीय संशोधनाचा भार शासनाने उचलावा की खाजगी कंपन्यांनी, हा प्रश्न वरकरणी विद्वानांचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर शेतकऱ्याच्या बियाण्याच्या पिशवीपर्यंत कसे येऊन पोहोचते, हे या दोन जिल्ह्यांत स्पष्ट पाहावयास मिळते. आपल्या मराठवाड्यात व विदर्भातही हीच दोन पिके असल्याने हा अभ्यास आपल्याही उपयोगाचा आहे.

1. इंदूरचा जुना दाखला

धार व देवास यांच्या मध्यावर असलेल्या इंदूर येथे 1924 साली सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी वनस्पतिसंशोधन संस्था सुरू केली. होळकर दरबाराने जमीन दिली. मध्यवर्ती कापूस समितीने कापसाच्या गाठींवरील उपकरातून पैसा पुरविला आणि मध्य भारतातील संस्थानांनीही वर्गण्या दिल्या. म्हणजे व्यापाराकडून आलेला पैसा सार्वजनिक संस्थेच्या द्वारे खर्च होत असे. काडीकचरा व शेण यांपासून खत करण्याची 'इंदूर पद्धत' येथेच सिद्ध झाली. हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी ती 1931 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ही पद्धत वापरण्यासाठी कोणालाही मोबदला द्यावा लागला नाही. खताचा ढीग कोणीही रचू शकतो. त्यातून नफा मिळविणे कोणत्याही कंपनीस अवघडच होते.

2. सोयाबीन : सरकारी संशोधनाचे पीक

माळव्यातील काळ्या भारी जमिनी पूर्वी पावसाळ्यात मोठ्या प्रमाणावर पडीक राहत. साठच्या दशकात जबलपूरच्या कृषि विद्यापीठात सोयाबीनवर काम सुरू झाले व 1967 साली अखिल भारतीय समन्वित प्रकल्प आखण्यात आला. पुढे 1987 साली इंदूर येथे राष्ट्रीय सोयाबीन संशोधन केंद्र स्थापन झाले. जबलपूर विद्यापीठाचे 'जे.एस. 335' हे वाण 1994 साली प्रसारित झाले आणि मध्यप्रदेश व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत त्याने अनेक वर्षे फार मोठे क्षेत्र व्यापले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनेही 'एम.ए.सी.एस.' मालिकेतील वाणे दिली.

सोयाबीनच्या फुलात स्वपरागीभवन होते. त्यामुळे घरच्या पिकातील निवडक बी पुढील वर्षी पेरले तरी वाणाचे गुण टिकून राहतात. एकदा पिशवी विकत घेतलेला शेतकरी दरवर्षी दुकानात येत नाही. साहजिकच अशा पिकाच्या संशोधनात भांडवल गुंतविण्याची ओढ कंपन्यांना कमी असते. तेथे शासन मागे सरले, तर ती जागा भरून काढणारा दुसरा कोणी नसतो.

3. कापूस : कंपनीच्या संशोधनाचे पीक

धार जिल्ह्याचा दक्षिण भाग, म्हणजे कुक्षी, मनावर, धरमपुरी हा निमाडचा पट्टा, कापसाचा आहे. संकरित कापसाचा आरंभ सरकारी प्रक्षेत्रावरच झाला. 'संकर 4' हा वाण डॉ. सी. टी. पटेल यांनी सुरत येथे 1970 साली दिला. परंतु संकरित बी दरवर्षी नवे घ्यावे लागते. त्यामुळे या क्षेत्रात बियाणे कंपन्यांची वाढ झाली. जालना येथे 1964 साली श्री. बद्रीनारायण बारवाले यांनी स्थापन केलेली महिको ही त्यांपैकी अग्रगण्य होय. 2002 साली तिच्याच बी.टी. संकरित वाणांना केंद्राची मान्यता मिळाली. बोंडअळीने त्रस्त झालेल्या शेतकऱ्यांनी ती झपाट्याने स्वीकारली व फवारण्यांचा खर्च प्रारंभी कमी झाला, हे मान्य केले पाहिजे.

याची दुसरी बाजूही आहे. आरंभी 450 ग्रॅमच्या पाकिटास दीड हजारांहून अधिक रुपये पडत आणि त्यात तंत्रज्ञानाच्या शुल्काचा वाटा मोठा होता. आंध्रप्रदेश शासनाने दाद मागितल्यावर 2006 साली किंमत साडेसातशेच्या आसपास आली. पुढे गुलाबी बोंडअळीने प्रथम पहिल्या व नंतर दुसऱ्या पिढीच्या बी.टी. कापसास दाद देणे सोडले. तेव्हा अळीची पाहणी करणे, फरदड न घेण्याचा व पऱ्हाट्या वेळीच नष्ट करण्याचा सल्ला गावोगाव पोहोचविणे, ही कामे मुख्यतः कृषि विद्यापीठे, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था व कृषि विभाग यांच्याकडे आली.

4. शासनाच्या उणिवा

शासकीय संशोधन निर्दोष आहे असे नाही. सरकारी संस्थांचे 'बिकानेरी नरमा' हे बी.टी. वाण 2009 साली आले, पण लवकरच मागे घ्यावे लागले. सोयाबीनमध्ये नवी वाणे तयार होऊनही त्यांचे पुरेसे बियाणे गावापर्यंत वेळेवर पोहोचत नाही, ही तक्रार जुनीच आहे. वाण प्रयोगशाळेत राहिले, तर ते शेतकऱ्यास नसल्यासारखेच होय. उत्पादन व वितरण यांतील कंपन्यांची तत्परता शासनाने शिकण्यासारखी आहे.

5. निष्कर्ष

ज्या संशोधनाचे फळ पिशवीत बांधून दरवर्षी विकता येते, तेथे कंपन्या येतील व त्यांनी यावे. परंतु स्वपरागित पिके, कोरडवाहू धान्ये, जमिनीचे आरोग्य, किडींची पाहणी आणि कंपन्यांच्या दाव्यांची निःपक्ष परीक्षा ही कामे सार्वजनिक पैशानेच झाली पाहिजेत. उपकराच्या रूपाने व्यापाराने खर्चाचा वाटा उचलावा, हा इंदूरचा मार्ग आजही विचारात घेण्याजोगा आहे. 2001 च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने घरचे बी जतन करण्याचा, पेरण्याचा व देवाणघेवाणीचा हक्क शेतकऱ्यास दिला आहे. मात्र जतन करण्याजोगे बी निर्माण होत राहील, तरच त्या हक्कास अर्थ राहील.

अभ्यासासाठी

(1) आपल्या गावातील प्रमुख पिकांची यादी करून प्रत्येकाचे वाण सरकारी संस्थेचे की कंपनीचे, याची नोंद करा.
(2) घरच्या सोयाबीनचे 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासा. 70 किंवा अधिक दाणे उगवल्यास ते बी पेरणीयोग्य समजावे.
(3) कोणत्या पिकाकडे कंपनी व शासन या दोघांचेही दुर्लक्ष झाले आहे ? ग्रामसभेत चर्चा करून ते कृषि सहायकांना लेखी कळवा.