कराचीकडची धूळ मुंबईत कशी पोहोचते?

प्रश्न : जानेवारी २०२२मध्ये एका रविवारी मुंबईत सगळं धुरकट झालं होतं आणि गाड्यांच्या टपांवर पांढुरकी पूड बसली होती. ही धूळ पाकिस्तानातून आली, असं बातम्यांत सांगत होते. अंगण झाडताना उडालेली धूळ तर चार हातांवर खाली बसते. मग एवढा समुद्र ओलांडून माती येईलच कशी?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : बातमी खरी होती. तो दिवस २३ जानेवारीचा. पश्चिमी झंझावातामागून आलेल्या जोरदार वाऱ्यांनी बलुचिस्तान आणि सिंधच्या कोरड्या पट्ट्यातली माती उचलली. कराचीला आधी धुळीच्या वादळाने झोडपलं, मग ती धूळ समुद्रावरून आणि सौराष्ट्रावरून मुंबई-पुण्यापर्यंत आली. कराची ते मुंबई सरळ अंतर सुमारे नऊशे किलोमीटर. वारा ताशी चाळीस किलोमीटरने वाहत असेल, तर हा दिवसाभराचाच प्रवास.

तुमची खरी शंका मात्र धूळ वर टिकते कशी, ही आहे. इथे वाऱ्याच्या जोराइतकाच कणाचा आकार महत्त्वाचा. मातीचे अगदी बारीक कण एकमेकांना घट्ट चिकटून असतात. नुसत्या वाऱ्याने ते सहसा सुटत नाहीत. त्यांना सोडवते ती वाळू. वाळूचे कण वाऱ्यासरशी टणाटण उड्या मारत जातात आणि प्रत्येक उडीला जमिनीवर आदळून ही बारीक पूड उधळतात. पुढे खळ्यावर उफणणी करावी तसंच घडतं : जड ते जवळ पडतं, हलकं ते लांब जातं. वाळू वाळवंटातच राहते. एक किलोमीटर उंचीवर गेलेला १० मायक्रॉनचा कण, हवा अगदी स्थिर धरली तरी, खाली यायला सुमारे दीड दिवस घेतो. २ मायक्रॉनच्या कणाला हिशेबाने महिन्याहून जास्त लागेल. त्यात उन्हाने तापलेली हवा त्याला पुन्हा पुन्हा वर ढकलते. बहुतेक वेळा त्याला खाली आणतो तो पाऊस.

म्हणूनच नऊशे किलोमीटर हे काही फार नव्हे. चार्ल्स डार्विन जानेवारी १८३२मध्ये ‘बीगल’ जहाजातून आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्द बेटांजवळ होता, तेव्हा हवेतून पडणाऱ्या बारीक धुळीने जहाजावरच्या खगोलीय उपकरणांना किंचित इजा केल्याचं त्याने नोंदवलं आहे. हीच आफ्रिकी धूळ अटलांटिक ओलांडून दक्षिण अमेरिकेत जाते. चाड देशातल्या बोदेले या आटलेल्या तळ्याच्या खोलगट भागातून ती मोठ्या प्रमाणात उठते. ‘नासा’च्या शास्त्रज्ञांनी ‘कॅलिप्सो’ उपग्रहाच्या मोजमापांवरून २०१५मध्ये अंदाज मांडला, की दरवर्षी सरासरी पावणेतीन कोटी टन धूळ अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात उतरते. तिच्यातून सुमारे २२ हजार टन फॉस्फरस मिळतो. जवळजवळ तेवढाच तिथला पाऊस आणि पूर वाहून नेतात. वाळवंटाने जंगलाला खत घालावं, ही मला निसर्गातली फार विलक्षण देवघेव वाटते.

पण जो बारीकपणा धुळीला लांब नेतो, तोच तिला आपल्या छातीत खोल उतरवतो. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण नाका-घशात अडकत नाहीत, थेट फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्या रविवारी मुंबईतली हवा अतिशय खराब झाली, दम्याच्या रुग्णांना असे दिवस जड जातात. तरीही सगळं खापर शेजारच्या वाळवंटावर फोडू नये. असं वादळ क्वचित येतं. एरवी मुंबईकराच्या श्वासात जाते ती मुख्यतः इथल्याच बांधकामांची, रस्त्यांची, वाहनांची धूळ आणि धूर.

पुन्हा असा दिवस आलाच, तर खिडक्या लावून घ्या, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना बाहेर पाठवू नका. रुमालाने हे कण अडत नाहीत, एन-९५ मुखपट्टी लागते. आणि गाडीवरची ती पूड कोरड्या फडक्याने झटकू नका, ती पुन्हा हवेत जाईल. पाण्याने धुवा.