लोकर कातरताना मेंढीची निगा

लोकरीसाठी मेंढीला मारावे लागत नाही. मिंकसारख्या प्राण्यांच्या फरची गोष्ट वेगळी. तेथे कातड्यासाठी प्राणीच मारला जातो. त्यामुळे लोकरी वस्त्रामागे प्राण्याचे हाल मुळीच नसतात, असा समज सहज होतो. तो पूर्णपणे बरोबर नाही.

ऑस्ट्रेलियातील मेरिनो मेंढीच्या कातडीला पुष्कळ घड्या असतात. शेपटीखालच्या घड्या मलमूत्राने ओल्या राहतात, तेथे माश्या अंडी घालतात आणि अळ्या जिवंत मेंढीचे मांस पोखरतात. हे टाळण्यासाठी कोकरांच्या शेपटीभोवतालच्या कातडीच्या पट्ट्याच कापून काढण्याची पद्धत तेथे विसाव्या शतकात रूढ झाली. तिला म्युलसिंग म्हणतात. न्यूझीलंडने या पद्धतीवर 1 ऑक्टोबर 2018 पासून बंदी घातली. आपल्या दख्खनी मेंढीच्या कातडीला तशा घड्या नसल्यामुळे येथे या पद्धतीची गरजच नाही. परंतु माशी येथेही आहेच, आणि तिला वाट करून देते ती आपली कातर.

दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते. मेरिनोचा तंतू सुमारे 20 मायक्रॉन जाडीचा, तर हिचा त्याच्या दुपटीहून जाड. वर्षाकाठी एका मेंढीपासून अर्ध्या किलोच्या आसपास लोकर मिळते. कोकरांच्या पहिल्या कातरणीची मऊ लोकर, म्हणजे जावळ, सोडली तर घोंगडीखेरीज तिला फारसे गिऱ्हाईक नाही. अनेक ठिकाणी कातरणीची मजुरीदेखील लोकरीच्या किमतीतून निघत नाही. मजुरी डोईमागे ठरलेली असते; मग कातरणारा घाई करतो व कातडीला चिरा पडतात. अर्ध्या किलो लोकरीपायी गाभण मेंढी गमावणे हा कोणत्याही हिशेबाने तोट्याचाच व्यवहार होय.

कातरणीच्या आदल्या रात्रीपासून मेंढ्यांना चारा-पाणी देऊ नये. भरल्या पोटी मेंढीला पाठीवर पाडले की कोठीपोटाचा दाब छातीवर येतो, श्वास कोंडतो व ती धडपडते. बहुतेक जखमा या धडपडीतच होतात. लोकर कोरडी असावी. कातरीचे पाते कातडीला समांतर धरावे आणि दुसऱ्या हाताने कातडी ताणून घ्यावी. लोकर ओढून वर उचलू नये, कारण तिच्याबरोबर कातडीही उचलली जाते व पात्यात सापडते. कास व सड, नराच्या मूत्रमार्गाचे टोक, कान आणि मागील पायाची धोंडशीर या ठिकाणी हात सावकाश चालवावा. धोंडशीर तुटलेली मेंढी कळपाबरोबर चालू शकत नाही, आणि चराईसाठी कोसोकोस हिंडणाऱ्या धनगराला तिचे काय करावे हा प्रश्नच पडतो. विण्यास महिनाभर उरलेल्या मेंढ्यांची कातरणी पुढे ढकलावी.

गंजलेल्या व मळलेल्या कातरीच्या जखमेतून धनुर्वात होऊ शकतो. मानेवर किंवा खांद्यापुढे गाठी आलेल्या मेंढ्या सर्वांत शेवटी कातराव्यात. गाठ फुटली तर तिच्यातील पू कातरीबरोबर पुढच्या मेंढीच्या जखमेत जातो. जखम लहान असली तरी तिला जंतुनाशक औषध लावून वरून माशी न बसू देणारे मलम लावावे. खोल जखम पशुवैद्यकाकडून शिवून घ्यावी. मूठभर माती भरून रक्त थांबविण्याची रीत काही वाड्यांवर अद्याप दिसते. कार्यकर्त्यांनी ती आग्रहाने मोडून काढावी.

नुकतीच कातरलेली मेंढी थंडीला फार हळवी असते. कडाक्याच्या थंडीत किंवा पावसाची झड लागण्याची चिन्हे असताना कातरणी करू नये. कातरणीनंतरचे काही दिवस रात्री वाऱ्याचा आडोसा व नेहमीपेक्षा अधिक चारा द्यावा. भर उन्हाळ्यात कातरलेल्या मेंढ्यांना दुपारी सावली हवी. उघडी पडलेली कातडी उन्हाने भाजते.

पुढील आठवडाभर कळप रोज नजरेखालून घालावा. कळपापासून दूर उभी राहणारी, पाय आपटणारी किंवा स्वतःच्याच अंगाचा चावा घेणारी मेंढी दिसल्यास तिच्या अंगात अळ्या पडल्या आहेत असे समजून जखम शोधावी. टर्पेंटाईनचा बोळा ठेवला म्हणजे अळ्या बाहेर येतात. त्या चिमट्याने सर्व काढून जखम धुवावी आणि मेंढी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावी. गोचिडांसाठी औषधी पाण्यात बुडविण्याचे काम जखमा भरल्यावर, म्हणजे साधारणतः दोन आठवड्यांनी, उन्हाच्या दिवशी सकाळी करावे. त्याआधी मेंढ्यांना पोटभर पाणी पाजावे. तहानलेली मेंढी हौदातील औषध पिते.