एसीतला गॅस दर उन्हाळ्यात जातो कुठे?

प्रश्न : आमच्याकडे दीड टनाचा स्प्लिट एसी आहे. दर मार्चमध्ये सर्व्हिसिंगला येणारा माणूस गेज लावतो आणि सांगतो, “मॅडम, गॅस कमी झालाय, टॉप-अप करावा लागेल.” फ्रिज मात्र एसीपेक्षा जुना, आणि त्यात आजवर एकदाही गॅस भरलेला नाही. गॅस तर दोन्हींत असतो. मग एसीचाच का संपतो?
– एक वाचिका, ठाणे

उत्तर : फ्रिजची आठवण काढलीत हे फार बरं झालं, कारण उत्तर तिथेच आहे. आधी एक गोष्ट पक्की करू. एसीतला गॅस हे इंधन नाही. गारवा देताना तो जळत नाही, खर्च होत नाही. खोलीतल्या युनिटच्या कॉइलमध्ये त्याची वाफ होते तेव्हा तो खोलीतली उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून बाहेरच्या कॉइलमध्ये पाठवतो. तिथे उष्णता बाहेर टाकून तिचा पुन्हा द्रव होतो आणि तो परत आत येतो. बंद नळ्यांमधून तोच तो गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. दीड टनाच्या एसीत तो साधारण किलोभर असतो. नेमका आकडा बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर छापलेला सापडेल.

फ्रिजच्या नळ्या कारखान्यातच डाग देऊन कायमच्या बंद केलेल्या असतात. खिडकीत बसणाऱ्या एसीचंही तसंच. स्प्लिट एसी मात्र दोन तुकड्यांत घरी येतो आणि ते तुकडे तुमच्या भिंतीवर जोडले जातात. तांब्याच्या दोन नळ्या, प्रत्येकीची दोन टोकं, म्हणजे चार सांधे. नळीचं टोक फुलवून त्यावर पितळी नट आवळतात. हे काम बऱ्याचदा वरच्या मजल्यावर, अरुंद छज्ज्यावर उभं राहून घाईत उरकलेलं असतं. टोक वाकडं फुललं किंवा नट कमीजास्त आवळला गेला, तर गॅस अगदी हळूहळू झिरपत राहतो.

दुसरं कारण हवेतलं. मुंबई-ठाण्यात, कोकणात, गोव्यात खारी हवा कॉइलला पोखरते. उघड्या नाल्याशेजारच्या घरांत नाल्यातून येणाऱ्या वायूंमुळे तांबं काळं पडतं आणि सुईच्या टोकाएवढी छिद्रं होतात. तुमचं घर खाडीजवळ किंवा नाल्याकाठी असेल, तर कॉइल मुद्दाम तपासून घ्या.

तेव्हा गॅस खरोखरच कमी झाला असेल, तर तो कुठून तरी गळतोय. दरवर्षी टॉप-अप करणं म्हणजे पंक्चर न काढता हवा भरत राहणं. पण तो खरंच कमी झालाय का, हेही बघायला हवं. गेजवरचा दाब हवेच्या तापमानानुसार बदलतो. इन्व्हर्टर एसीत तर कॉम्प्रेसरचा वेगच कमीजास्त होत असतो. त्यामुळे नुसता एक आकडा वाचून निदान करता येत नाही. धुळीनं माखलेला फिल्टर किंवा बाहेरच्या कॉइलसमोर कबुतरांनी जमवलेल्या काड्या, एवढ्यानंही गारवा कमी होतो.

म्हणून मेकॅनिकला बोलावण्याआधी घरच्या घरी एक चाचणी करा. फिल्टर साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवून बसवा. बाहेरच्या युनिटभोवतीची अडगळ काढा. मग ‘कूल’वर, सगळ्यात कमी तापमानावर, पंखा जोरात ठेवून वीसेक मिनिटं एसी चालवा. साधा थर्मामीटर आधी हवा आत ओढली जाते त्या वरच्या जाळीपाशी आणि मग गार हवा येते तिथे धरा. दोन्हींत ८ ते १२ अंशांचा फरक असेल, तर गॅसची चिंता बहुतेक नको. दमट हवेत फरक थोडा कमी येतो, त्यानं घाबरू नका. फरक अगदीच कमी असेल किंवा स्वच्छ फिल्टर असतानाही नळीवर बर्फ साचत असेल, तर गळती शोधायला सांगा.

गळती शोधायची रीत ठरलेली आहे. उरलेला गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा, नळ्यांत दाबानं नायट्रोजन भरायचा, सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचे. छिद्र बुजवलं की पंपानं पूर्ण व्हॅक्यूम करायचा आणि मग काट्यावर तोलून गॅस भरायचा. नव्या एसींतला आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. काहींत आर-२९० असतो, म्हणजे चक्क प्रोपेन. नळीत गॅस असताना तिथे कुणालाही डाग देऊ देऊ नका, आणि काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवा.

मला यात पैशांहून मोठी वाटते ती हवेत जाणारी घाण. एक किलो आर-३२ सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबानं तो सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडवतो. आर-४१०एचा हाच आकडा दोन हजारांवर आहे. जुन्या एसींतला आर-२२ तर ओझोनच्या थरालाही पोखरतो, म्हणूनच १९८७च्या मॉन्ट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्यानं बाद होतोय. उन्हाळा सुसह्य व्हावा म्हणून आपण एसी लावतो, आणि गळक्या एसीतून पुढचे उन्हाळे आणखी तापवत राहतो.

बाकीची तयारी थोडक्यात. पाणी वाहून नेणारी नळी साफ करून घ्या, नाहीतर भिंतीवर ओघळ येतील. बाहेरची कॉइल धुताना मेन स्विच बंद हवा आणि पाण्याचा मारा हलका हवा, जोराच्या जेटनं पातळ पत्रे दुमडतात.

हे सगळं फेब्रुवारीत उरका. गळती शोधून दुरुस्त करायला अर्धा दिवस सहज जातो. एप्रिल-मेमध्ये मेकॅनिकच्या फोनवर पुढच्या घरांची रांग लागलेली असते, तेव्हा त्याच्याकडे टॉप-अपपुरताच वेळ असतो. आणि बिलावर नुसतं ‘गॅस चार्जिंग’ लिहू देऊ नका. गळती कुठे होती, कोणता गॅस भरला आणि किती ग्रॅम, हे तिन्ही लिहून घ्या.