खोल समुद्राचे पाणी थंड का?
(भूगोल : इयत्ता सातवीसाठी पाठदिग्दर्शन)

वरील प्रश्नास 'तेथे सूर्यप्रकाश पोहोचत नाही म्हणून' असे उत्तर बहुतेक वर्गांत मिळते व ते बरोबर म्हणून स्वीकारलेही जाते. वस्तुतः ते अपुरे आहे. कारण एवढेच असते, तर उष्ण कटिबंधात पृष्ठभागावरील उष्णता हजारो वर्षांत झिरपत तळापर्यंत पोहोचली असती.

विवेचन : १७५१ साली हेन्री एलिस या ब्रिटिश जहाजाच्या कप्तानाने अटलांटिक महासागराच्या उष्ण भागात झडपांची बादली खोल सोडून पाणी वर काढले. पृष्ठभागाचे पाणी ८४ अंश फॅरनहाइट असता खालचे ५३ अंश भरले. हे थंड पाणी ध्रुवप्रदेशांतून तळाने वाहत येते, असा उलगडा काउंट रम्फर्ड यांनी १७९७ च्या सुमारास केला. ग्रीनलंडजवळ व अंटार्क्टिकाभोवती पाणी अतिशय थंड होते. त्याचा बर्फ होताना मीठ मागे राहते. असे थंड व खारट पाणी जड होऊन बुडते आणि तळाने दूरवर पसरते. त्यास पुन्हा वर येण्यास शेकडो वर्षे, कधी सुमारे हजार वर्षेही लागतात.

या फेऱ्याचा हवामानाशी निकट संबंध आहे. बुडणारे पाणी उष्णता व कार्बन डायऑक्साइड खोल नेते. मानवी व्यवहारांमुळे पृथ्वीवर साठलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्राने सामावून घेतली आहे. उलटपक्षी हवा तापली, बर्फ वितळून गोडे पाणी समुद्रात मिसळले, की पृष्ठभागाचे पाणी हलके होते व बुडण्याची क्रिया मंदावते. मग समुद्राची ही साठवणशक्तीही उणावते.

प्रयोग : काचेच्या बरणीत कोमट पाणी घ्यावे. माठातील गार पाण्यात मीठ व निळी शाई मिसळून ते कडेने सावकाश ओतावे. निळा थर तळाशी पसरेल. नंतर शाई घातलेले साधे कोमट पाणी तसेच ओतून पाहावे. ते तळाशी जाणार नाही. निरीक्षण मुलांनीच सांगावे; शिक्षकांनी घाई करू नये.

समारोप : समुद्रात आज मुरलेली उष्णता वर्गातील मुलांच्या नातवंडांच्या काळीही तेथे असेल. म्हणून अपुरे उत्तर पाठ करून घेण्यापेक्षा पूर्ण कारण समजावून देणे अगत्याचे आहे.

स्वाध्याय : ध्रुवांजवळचे पाणी बुडेनासे झाले, तर खोल समुद्रात व हवेत कोणते बदल संभवतात?